भिडेपोटी दिलेला होकार

पावसाळा सरला की राजोडी, भुईगाव, सुरुची बाग या आपल्या वसईच्या किनाऱ्यांवर अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. तरुण आणि तरुणी पाण्याच्या कडेने चालत असतात. ठरलेल्या जागी तरुण थांबतो, गुडघा टेकतो, खिशातून अंगठीची डबी काढतो. त्याच क्षणी सुरूच्या झाडांआडून मित्रमंडळी फुगे घेऊन बाहेर पडतात, कोणीतरी मोबाइलवर गाणे लावते आणि इतका वेळ बुंध्याला टेकून बसलेला छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याला लावून पुढे येतो. मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकते. भेळवालाही हातातले काम थांबवून बघत राहतो. टाळ्या होतात. रात्रीच्या जेवणाआधी ते फोटो अर्ध्या धर्मग्रामाच्या मोबाइलवर पोहोचलेले असतात.

हे पाहून नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर घेणारी आम्ही काही जोडपी आहोत. गेली काही वर्षे ‘प्रपोज’ हा शब्द शिबिरात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जोडीच्या तोंडून आम्ही ऐकतो. त्यातले कष्टही आम्हांला ठाऊक आहेत. मुलगा महिनाभर आधी तिच्या बोटाचे माप मिळवायला तिच्या धाकट्या बहिणीला फितवतो. मग दिवस ठरवायचा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य समुद्रात मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास, तर जूनच्या शेवटी थेट सव्वासात वाजून गेल्यावर. त्याआधीचा पाऊण तास फोटोसाठी उत्तम. पण तेवढ्याने भागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाणी दूर ओसरलेले असते आणि समोर नुसता ओला वाळवंट पसरलेला असतो. अष्टमीच्या आसपास मात्र त्याच वेळी भरती असते. आपल्या कोळीबांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. ज्याने हा हिशेब केला नाही त्याचा गुडघा खाऱ्या पाण्यात टेकलेला आमच्यातल्या काहींनी पाहिला आहे.

एखाद्या माणसासाठी इतका खटाटोप करणे हे प्रेमच आहे. गुडघा टेकण्याची रीत पाश्चात्त्यांची, चित्रपटांतून आपल्याकडे आलेली; हिऱ्याच्या अंगठीला आजचे महत्त्व मिळाले त्यामागे अमेरिकेत सुरू झालेल्या एका जाहिरातीचा मोठा हात आहे. पण रीत बाहेरून आली म्हणून ती वाईट ठरत नाही. आपल्या नवरीचा पांढरा झगा तरी कुठे आपल्या वाडीत उगवला? आमचा प्रश्न निराळाच आहे. वीस माणसांच्या देखत, कॅमेऱ्यासमोर, अचानक विचारलेल्या प्रश्नाला जिला उत्तर द्यायचे आहे, तिला ‘नाही’ म्हणता येते का? ‘नाही’ राहू द्या, ‘मला थोडा वेळ दे’ एवढे तरी म्हणता येते का?

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: भीड. भीड म्हणजे भीती नव्हे. कोणी धमकावलेले नसते, कोणी हात धरलेला नसतो. समोरच्याचे मन मोडू नये, चारचौघांत त्याची शोभा होऊ नये, केलेला खर्च वाया जाऊ नये, म्हणून माणूस मान हलवतो. भीड भिकेची बहीण असे आपले वाडवडील म्हणत, ते सहसा पैशाच्या व्यवहाराविषयी. उसने मागणाऱ्याला भिडेपोटी दिलेले पाचशे रुपये गेले तर गेले. भिडेपोटी दिलेला जन्माचा होकार कुठल्या वहीत लिहायचा?

जुन्या काळी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली जाई. मागणी घालायला मध्यस्थ जात असे. आज आपण मध्यस्थाला हसतो, पण त्याचे मोठे काम ‘हो’ आणण्याचे नव्हते, ‘नाही’ अलगद पोहोचवण्याचे होते. ‘मुलगी अजून शिकते आहे’, ‘यंदा घराचे काम काढले आहे’ असे काहीसे बोलले जाई. दोन्ही घरांना काय ते समजे आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर दोन्ही कुटुंबे एकमेकांशी पूर्वीसारखी बोलत. कोणाचीही मान खाली जात नसे. या पद्धतीत उणे काय होते तेही सांगायला हवे. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही गोष्टी बहुधा वडीलमंडळी ठरवीत. मुलीला विचारलेच तर शेवटी, आणि तेही उत्तर गृहीत धरून. म्हणून आजचा तरुण थेट मुलीसमोर जाऊन तिलाच विचारतो, ही आम्हांला मोठी कमाई वाटते. आजीच्या काळी जे घडले नाही ते नातीच्या वाट्याला आले. इतक्या उशिरा मिळालेला हा प्रश्न गोंगाटात बुडू नये, एवढीच आमची तळमळ आहे.

पवित्र शास्त्रात उघड्या आकाशाखाली घडलेली एक सोयरीक आहे, ती या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात अब्राहामाचा चाकर इसहाकासाठी वधू शोधायला निघतो. गावाबाहेरच्या विहिरीवर संध्याकाळी पाणी भरायला आलेली रिबेका त्याला पाणी देते, त्याच्या उंटांनाही पाजते. तो तिला सोन्याची नथ आणि हातांसाठी सोन्याच्या बांगड्या देतो. म्हणजे बघा, मोकळी जागा, संध्याकाळची वेळ, अचानक पुढे आलेले दागिने, सगळे आजच्यासारखेच! तिचे वडील कोण हेही त्याने अजून विचारलेले नसते. पण खरा प्रश्न त्या विहिरीवर विचारला जात नाही. तो घरी येतो, आपण कोण, कोठून आलो, कशासाठी आलो, सगळे सविस्तर सांगतो. रात्री भाऊ आणि वडील होकार देतात. सकाळी चाकर निघायची घाई करतो, घरचे म्हणतात आणखी दहा दिवस राहू द्या, आणि या ओढाताणीत कोणालातरी सुचते की मुलीलाच बोलावून विचारावे. तिला विचारले जाते आणि ती जायला तयार होते. दागिने आदल्या संध्याकाळीच तिच्या हाती आले होते, तरी तिचा निर्णय सकाळपर्यंत मोकळा राहिला होता.

आता नाझरेथकडे वळू. जगाच्या इतिहासात यापेक्षा मोठे ‘सरप्राइज’ दुसरे नाही. पण लूकलिखित शुभवर्तमानात तो प्रसंग कसा घडतो पाहा. कोणी प्रेक्षक नाही. मरिया प्रथम गोंधळते, आणि देवदूत तिला गोंधळू देतो. ती प्रश्न विचारते, हे कसे होणार म्हणून. देवदूत त्याला अपमान मानत नाही, उत्तर देतो. मग ती होकार देते आणि होकारानंतरच देवदूत निघून जातो. परमेश्वराने एका खेड्यातल्या मुलीच्या उत्तराची वाट पाहिली, हे आपण दर दिवशी देवदूताच्या संदेशाच्या प्रार्थनेत आठवतो. पण ती वाट पाहणे किती शांत होते याकडे आपले लक्ष जात नाही. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी आपल्या प्रवचनात आदाम, अब्राहाम, दावीद आणि सारे जग मरियेच्या उत्तराकडे कान लावून बसल्याचे चित्र रंगवले आहे. चित्र अतिशय सुंदर आहे. मात्र ती गर्दी प्रवचनकाराच्या मनातली होती. मरियेला ती दिसत नव्हती.

ख्रिस्तसभेचा विवाहाविषयीचा सारा विचारच या मोकळ्या होकारावर उभा आहे. इ. स. 866 मध्ये नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियाच्या राजाने पोप निकोलस पहिले यांना अनेक प्रश्न विचारले, त्यांत लग्नविधीविषयीही एक होता. पोपमहोदयांनी आपल्याकडची रीत वर्णन करून कळवली: वाङ्निश्चय, अंगठी, हुंड्याचा लेख, चर्चमधील आशीर्वाद, डोक्यावरचे मुकुट. आणि पुढे लिहिले की गरिबीमुळे कोणाला यातले काही जमले नाही तर त्यात पाप नाही; दोघांची संमती पुरे आहे, आणि ती एक नसेल तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वीचे हे पत्र आजच्या इव्हेंटवाल्यांना वाचून दाखवावेसे वाटते.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. बाराव्या शतकात पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या निर्णयांनुसार दोघांनी एकमेकांना आत्ता, या क्षणी पती-पत्नी म्हणून स्वीकारले की विवाह वैध ठरे. धर्मगुरू किंवा साक्षीदार नसले तरी चाले. मग शेतात, झाडाखाली, घराच्या मागल्या दारी वचने दिली जात आणि पुढे एकजण म्हणे ‘दिले’, दुसरा म्हणे ‘दिलेच नाही’. चर्चच्या न्यायालयांना अशा भांडणांनी जेरीस आणले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा सक्तीची केली आणि अखेर 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांखेरीज विवाह वैध नाही असे ठरवले. तेव्हा साक्षीदार हवेच, उघडपणा हवाच. आपले वचन चारचौघांनी ऐकावे ही तरुणांची हौस ख्रिस्तसभेला नवी नाही.

मग सुरूच्या बागेत चूक होते ती कुठे? आमच्या मते, क्रम बदलतो तिथे. आपल्या चर्चमध्ये लग्न ठरवायला गेलेल्यांनी आठवून पाहावे. फादर वधूला आणि वराला वेगवेगळे बसवतात. आईवडील बाहेर थांबतात. मग विचारले जाते: तू स्वतःच्या मर्जीने येतो आहेस का, येते आहेस का? कोणाचा दबाव आहे का? उत्तर कागदावर लिहून त्याखाली सही घेतली जाते. त्यानंतर घोषणा होते आणि शेवटी भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, तोच प्रश्न पुन्हा येतो. गर्दीला गाणी, फुले, घंटा हवी तेवढी मोकळीक देणारी ख्रिस्तसभा पहिला प्रश्न मात्र बंद खोलीत, एकेकट्याला विचारते. 1983 च्या कायदेसंहितेत तर बळजबरीने किंवा बाहेरून आलेल्या गंभीर भीतीपोटी केलेला विवाह अवैध मानला आहे, मग ती भीती कोणी हेतुपुरस्सर घातलेली नसली तरीही. किनाऱ्यावरची भीड त्या पायरीची आहे असे आम्ही म्हणत नाही. टाळ्यांनी कोणाचे लग्न अवैध होत नाही. शिवाय त्याच संहितेनुसार लग्नाचे वचन दिले म्हणून कोणाला लग्न करायला भाग पाडता येत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अंगठी घातली, फोटो सगळीकडे गेले, आता मागे कसे फिरायचे, या विचाराने झुरणारी मुले-मुली आम्ही पाहिली आहेत. मागे फिरण्याची वाट ख्रिस्तसभेने लग्नाच्या दिवसापर्यंत उघडी ठेवली आहे. फोटो पुसता येत नाही म्हणून ती बंद होत नाही.

काहीजण विचारतात, सरप्राइजसाठी थापा माराव्या लागतात, ते पाप नव्हे काय? ‘चुलत बहिणीच्या वाढदिवसाचे फोटो काढायचे आहेत’ असे सांगून मुलीला किनाऱ्यावर आणले जाते. संत ऑगस्टीन यांनी थट्टेला खोटेपणातून वगळले होते, कारण ऐकणाऱ्याला ती थट्टा असल्याचे कळतेच; संत थॉमस अक्वायनस अधिक कडक, त्यांनी गमतीच्या खोट्यालाही खोट्याच्या यादीत बसवले, मात्र हलक्या पायरीवर. आम्ही यात फार शिरत नाही. थाप उघडी पडल्यावर जिला फसवले ती सगळ्यांबरोबर हसली, तर तेवढे पुरे. गंभीर फसवणूक वाढदिवसाच्या थापेत नसते. दोघांचे कधी लग्नाविषयी बोलणेच झालेले नसताना, बोलणे पूर्ण झाल्यासारखा देखावा उभा करणे ही ती फसवणूक.

आपल्याच परिसरातला एक तरुण छायाचित्रकार अशी कामे घेतो. त्याच्याशी आमचे बरेच बोलणे झाले. तो तीस-चाळीस पावलांवर थांबतो, सत्तर ते दोनशेची लेन्स लावतो, कॅमेऱ्याचा आवाज बंद करतो. दोघांना समुद्राकडे पाठ करून उभे करू नकोस, चेहरे काळे येतील. आडवे उभे राहा, म्हणजे उजेड दोघांच्याही गालावर येईल, असे मुलाला आधी समजावतो. पण काम घेण्याआधी तो एक प्रश्न विचारतो: ‘तुमचं दोघांचं आधी बोलणं झालंय ना?’ झालेले नसेल तर तो काम नाकारतो. ‘दोन-तीन हजारांसाठी मला कोणाच्या रडण्याचा फोटो काढायचा नाही,’ असे तो म्हणाला. दुसरा नियम असा की मुलीने मान फिरवली किंवा एक पाऊल मागे घेतले की कॅमेरा खाली. आणि तिसरा, फोटो दोघांनी मिळून पाहिल्याशिवाय कोणालाही पाठवायचे नाहीत, मुलाच्या आईलाही नाही. या तिसऱ्या नियमावरून त्याची गिऱ्हाइकांशी भांडणे होतात. आम्हांला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटला. जिचा चेहरा तिच्या नकळत टिपला, तिच्या परवानगीवाचून तो गावभर फिरवण्याचा अधिकार कोणाला आहे? पैसे ज्याने दिले त्यालाही नाही.

फ्लॉरेन्सच्या संत मार्क मठात फ्रा अँजेलिको यांनी पंधराव्या शतकात काढलेली भित्तिचित्रे आहेत. तिथल्या एका कोठडीत देवदूत आणि मरिया यांच्या भेटीच्या चित्रात त्यांनी एक पाहणारा रंगवला आहे. तो म्हणजे डॉमिनिकन संघाचे शहीद संत पीटर. ते कमानीच्या बाहेर, कडेला, हात जोडून उभे आहेत. मरियेचे त्यांच्याकडे लक्ष नाही. आमच्या छायाचित्रकाराला आम्ही ते चित्र मोबाइलवर दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘जागा बरोबर धरली आहे.’

जागेवरून आठवले. वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये असे फोटो काढायला जाणाऱ्यांनी पायाखाली जरूर पाहावे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जुन्या कबरींचे कोरीव दगड आहेत. तिथे आपल्या पूर्वीच्यांनी मिस्सा ऐकली, तिथेच ते पुरले गेले. गुडघा टेकायला तीन हात पलीकडे भरपूर जागा आहे.

शेवटी एक गोष्ट, जी संबंधितांच्या संमतीने, नावे न देता सांगत आहोत. आमच्या शिबिरात आलेल्या एका मुलीला असेच किनाऱ्यावर विचारले गेले होते. मुलगा चांगला, ओळख दोन वर्षांची. झाडांमागून मित्र आले, त्यांच्या मागून मुलाची आईही आली, हातात केकचा डबा घेऊन. मुलगी ‘हो’ म्हणाली. सगळे जेवायला गेले. आठ दिवस तिला झोप लागली नाही. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. ती परिचारिका, तिच्या मागे आजारी वडील आणि शिकणारा भाऊ. लग्नानंतर ती नोकरी करणार का, पगारातले काही माहेरी देणार का, वडिलांना कोण पाहणार, यातले एक अक्षरही दोघांत बोलले गेले नव्हते. नवव्या दिवशी तिने त्याला घरी बोलावले आणि ओटीवर बसून सांगितले, ‘त्या दिवशीचं माझं हो तुझ्या आईकडे बघून होतं. मला तुझ्याकडे बघून सांगायचं आहे, पण त्याआधी मला तुला चार गोष्टी विचारायच्या आहेत.’

मुलाला लागले. लागणारच, त्याने महिनाभर तयारी केली होती. तो उठून गेला आणि चार दिवस त्याचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला तो एकटाच, आणि दोन तास बसला. पुढच्या दीड-दोन महिन्यांत तो असाच येत राहिला. तिच्या वडिलांना दवाखान्यात नेण्याची पाळी एकदा त्याने घेतली. पगाराचे बोलणे सर्वांत अवघड गेले, असे ती सांगते. त्यावर दोनदा भांडण झाले आणि दुसऱ्या भांडणात त्याच्या आईने तिची बाजू घेतली. मग एके दिवशी, उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, स्वयंपाकघराच्या दारात वांगी निवडताना ती त्याला म्हणाली, ‘आता विचार.’ त्याच्याजवळ अंगठी नव्हती, ती तिच्याच बोटात होती. त्याने तसेच विचारले. आत कुकरची शिट्टी झाली, त्यामुळे तिला दोनदा उत्तर द्यावे लागले.